गावच्या फुटबॉल मंडळातील जुन्या खेळाडूंचा सत्कार कसा करावा

जुन्या खेळाडूंचा सत्कार करावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले की चर्चा बहुधा शाली किती आणाव्यात, पाहुणे कोण बोलवावेत आणि मंडप कोठे टाकावा येथूनच सुरू होते. माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की ही चर्चा मंडळाच्या जुन्या कपाटापासून सुरू व्हावी. ज्या माणसाने आपल्या उमेदीची दहा-पंधरा वर्षे गावाच्या संघासाठी दिली, तो कोणत्या जागेवर खेळत असे, कोणत्या साली संघात आला, कोणाच्या सोबतीने खेळला आणि कोणत्या सामन्यात त्याच्यामुळे गाव जिंकले, हे मंडळालाच ठाऊक नसेल, तर शाल आणि श्रीफळ देऊन कार्यक्रम पार पडतो, पण त्या माणसाचा सन्मान होत नाही. म्हणून खाली जे लिहिले आहे त्याचा मोठा भाग नोंदींविषयी आहे. मंडप आणि जेवणावळ यांविषयी थोडेच आहे, कारण ती कामे आपल्या गावांना कोणी शिकवावी लागत नाहीत.

विदर्भात फुटबॉल मुख्यतः छावणी, रेल्वे, कापडगिरण्या, कोळसा खाणी आणि शाळा-महाविद्यालये यांच्या आधाराने रुजला. १८२१ साली वसलेल्या कामठीच्या छावणीभोवती या खेळाचे वेड आजही टिकून आहे. खेडोपाडीच्या मंडळांत मात्र हा खेळ कोणी तरी शिक्षक, खाणीत नोकरीस लागलेला तरुण किंवा नागपूरला शिकून परत आलेला मुलगा घेऊन आला आणि पंचक्रोशीतल्या स्पर्धांवर तो वाढला. अशा स्पर्धांचे निकाल फार क्वचित छापले गेले. नागपूरच्या वृत्तपत्रांत आले तरी दोन ओळींत आले, आणि त्या दोन ओळींत विजेत्या संघाचे नाव असे, खेळाडूंची नावे नसत. त्यामुळे हा इतिहास आज माणसांच्या आठवणीत, लोखंडी पेटीतल्या प्रमाणपत्रांवर आणि भिंतीवरच्या धुरकटलेल्या सांघिक छायाचित्रांतच शिल्लक आहे. तो गोळा करण्यासाठी कार्यक्रमाच्या किमान चार महिने आधी कामाला लागावे.

नोंदी गोळा करणे

पहिल्यांदा मंडळाचे जे काही कागद असतील ते एकत्र करावेत. मंडळ नोंदणीकृत असेल तर सभांचे इतिवृत्त, वर्गणीच्या पावत्या, जमाखर्चाच्या वह्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दिलेल्या कार्यकारिणीच्या याद्या कोणाच्या तरी घरी असतातच. जमाखर्चाच्या वहीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण सर्वांत खरी माहिती तिच्यातच सापडते. अमुक तारखेला वणीला जाण्याचे गाडीभाडे, अकरा जणांचा चहा, एका खेळाडूच्या पायाच्या पट्टीचा खर्च, चेंडूचे नवे ब्लॅडर, अशा नोंदींवरून कोणत्या वर्षी संघ कोठे खेळला हे निश्चित सांगता येते. शाळेचे हजेरीपट आणि वार्षिक अंक, ग्रामपंचायतीचे जुने ठराव, जवळच्या महाविद्यालयातील क्रीडा विभागाचे फलक हीही पाहण्याजोगी ठिकाणे आहेत.

जुनी प्रमाणपत्रे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण आपल्या भागाचे प्रशासन या काळात अनेकदा बदलले आहे. १९५० ते १९५६ या काळातील प्रमाणपत्रावर ‘मध्य प्रदेश’ असे असेल आणि राजधानी म्हणून नागपूर असेल, तर ती चूक नाही. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. चंद्रपूरच्या खेळाडूच्या कागदावर ‘चांदा’ असे नाव आढळेल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, म्हणून त्याआधी जिल्हा संघात खेळलेला आरमोरीचा किंवा देसाईगंजचा खेळाडू कागदोपत्री चांदा किंवा चंद्रपूर जिल्ह्याचाच असणार. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होते आणि वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांची बाबही अशीच आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्यापूर्वी अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा येथील महाविद्यालयांचे खेळाडू नागपूर विद्यापीठाकडून खेळत. ‘यवतमाळात शिकला मग नागपूर विद्यापीठाकडून कसा खेळेल’ अशी शंका घेऊन एखाद्या वृद्ध माणसाच्या सांगण्यावर अविश्वास दाखवला जाणे हा त्याचा अपमान आहे, आणि तो केवळ अज्ञानापोटी घडू शकतो.

छायाचित्रे मूळ मालकाच्या घरीच राहू द्यावीत. ती घेऊन जाऊन हरवल्याच्या तक्रारी प्रत्येक गावात आहेत, आणि एकदा असे घडले की दुसरे घर पेटी उघडत नाही. स्कॅनर सोबत नेता आला तर उत्तम. नसेल तर छायाचित्र काचेच्या चौकटीतून बाहेर काढून, सकाळच्या सावलीतल्या उजेडात, मोबाइल अगदी समांतर धरून छायाचित्र घ्यावे आणि मागील बाजूवर काही लिहिलेले असल्यास तेही टिपावे. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवले म्हणजे पुढे मोठी प्रत काढता येते. त्यानंतर चित्राची साधी प्रत कागदावर काढून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि ती प्रत किमान तीन वेगवेगळ्या ज्येष्ठांना वेगवेगळ्या वेळी दाखवून नावे लिहून घ्यावीत. सर्वांना एकत्र बसवले तर जो मोठ्याने बोलतो त्याचे म्हणणे सर्वांचे होते. तिघांच्या उत्तरांत फरक पडला तर ते नाव प्रश्नचिन्हासह ठेवावे. घाईने निश्चित करू नये.

आठवणी लिहून घेण्यासाठी दोन तरुणांना पाठवावे, त्यांतील एकाने प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्याने ध्वनिमुद्रण सांभाळावे. ‘तुम्हाला कसे वाटले’ अशा प्रश्नांना वृद्ध खेळाडू संकोचून एका वाक्यात उत्तर देतात. ‘तुमच्या उजव्या हाताला कोण खेळत असे’, ‘चेंडू कोण शिवून आणत असे’, ‘सामन्याला बैलगाडीने गेलात की पुलगाव–आर्वीच्या छोट्या गाडीने’, ‘मुक्कामाला जेवण कोणाच्या घरी होते’ असे विचारले की तोच माणूस तासभर बोलतो. सालाविषयी थेट विचारले तर बहुतेकांचा गोंधळ उडतो. त्याऐवजी ज्ञात घटनांचा आधार द्यावा: भारताने जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले ते १९६२ साल, बांगलादेशाचे युद्ध १९७१, दुष्काळ १९७२, आणीबाणी १९७५ ते १९७७, मॅराडोनाचा विश्वचषक १९८६. ‘दुष्काळाच्या आधी की नंतर’ या प्रश्नाचे उत्तर जवळपास प्रत्येकाला देता येते.

बोलणे जसेच्या तसे, वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत (पूर्व विदर्भाच्या बोलीत), लिहून घ्यावे. ते प्रमाण भाषेत बदलून लिहिले की सांगणाऱ्याचा आवाज त्यातून निघून जातो.

जुन्या खेळाचे नियम आणि शब्द यांचीही माहिती विचारणाऱ्याला असावी. दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड अशी रचना असलेल्या काळात ‘राइट आउट’, ‘राइट इन’, ‘सेंटर हाफ’ या जागा होत्या. आजच्या मुलांना ‘मिडफिल्डर’ आणि ‘विंगर’ ठाऊक आहेत. खेळाडूने जी जागा सांगितली तीच नोंदवावी, तिचे आजचे नाव शोधून बदलू नये. गोलरक्षकाला साथीदाराने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हाताने उचलता येणार नाही हा नियम १९९२ साली आला, त्यामुळे ‘शेवटची दहा मिनिटे आम्ही चेंडू गोलीकडे देत राहिलो’ ही आठवण रडीच्या डावाची नसून त्या काळच्या नियमात बसणाऱ्या खेळाची आहे. लाल आणि पिवळी कार्डे १९७० च्या विश्वचषकात प्रथम आणली गेली आणि आपल्या गावांच्या मैदानांवर ती अर्थातच त्याहून उशिरा पोहोचली. अनवाणी खेळल्याचे सांगताना काही ज्येष्ठ मंडळी ओशाळतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या, तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणीच होते आणि तो सामना भारताने अवघ्या एका गोलने गमावला होता, हे त्यांना आवर्जून सांगावे.

यादीत कोण

यादी करताना मंडळाचे सभासद आणि मंडळाचे खेळाडू यांत फरक करावा लागतो. अनेक गावांत असे घडले आहे की वर्गणी भरून सभासद झालेल्यांची नावे वहीत आहेत, आणि वर्गणी भरण्याची ऐपत नसलेली, परंतु सामन्याच्या दिवशी हमखास बोलावली जाणारी मुले वहीत कोठेच नाहीत. बौद्ध वस्तीतील, मोहल्ल्यातील, गोंड टोल्यावरील किंवा कोलामांच्या पोडावरील (वस्तीवरील) असे खेळाडू शोधणे हे या सत्काराचे पहिले कर्तव्य आहे असे मी मानतो. त्यांच्यापैकी काहींना छायाचित्र काढण्याच्या वेळी बोलावलेही गेले नसेल. यासाठी वहीवर विसंबू नये. प्रत्येक ज्येष्ठ खेळाडूला शेवटी एकच प्रश्न विचारावा, ‘तुमच्या सोबत खेळले पण आज ज्यांचे नाव कोणी घेत नाही असे कोण?’ या प्रश्नाने यादी वाढते आणि खरी होते.

मुलींच्या शालेय संघातून खेळलेल्या स्त्रिया आज लग्न होऊन दूरच्या गावी असतात आणि त्यांची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने असतात. त्यांचा शोध माहेरच्या घरातून घ्यावा, निमंत्रण सासरी जाऊन प्रत्यक्ष द्यावे आणि मानपत्रावर कोणते नाव असावे हे त्यांनाच विचारावे. चेंडू शिवणारे चर्मकार, मैदानावर पाणी मारणारे, पंच म्हणून शिट्टी वाजवणारे शिक्षक आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या खळ्यात संघाला उतरवून घेणारे शेतकरी यांनाही यादीत स्थान असावे, मात्र त्यांचा वेगळा उल्लेख करावा, म्हणजे खेळाडूंच्या नोंदीत सरमिसळ होणार नाही.

एकदा यादी झाली की ती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर पंधरा दिवस लावून हरकती व सूचना मागवाव्यात. कोणाचे नाव राहिले असेल तर ते या पंधरा दिवसांत कळलेले बरे. मंचासमोर कळले तर त्याची भरपाई होत नाही. सत्काराचा क्रम संघात पदार्पण केलेल्या सालाप्रमाणे लावावा. आज कोण सरपंच आहे, कोण प्राध्यापक झाला, कोण पोलीस खात्यातून निवृत्त झाला आणि कोण मजुरीला जातो याचा त्या क्रमाशी काही संबंध असू नये. हा नियम बैठकीत आधीच ठराव करून लिहून ठेवावा, कारण आयत्या वेळी क्रम बदलण्याचा आग्रह नक्की होतो.

दिवस कोणता

शेतीचे दिवस पाहूनच तारीख ठरवावी लागते. सोयाबीनची कापणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, मग कापसाची वेचणी सुरू होते, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात नोव्हेंबरात धान कापणी आणि पुढे मळणी असते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने सत्तरीच्या माणसांना मैदानावर बोलावणे धोक्याचे आहे. माझ्या मते दोन वेळा सोयीच्या आहेत. एक म्हणजे दिवाळीनंतरचा आठवडा, जेव्हा पुण्या-मुंबईकडे गेलेली मंडळी गावी असतात आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, मंडईचे (जत्रा आणि रात्रीच्या नाटकांचे) दिवसही सुरू होतात. मात्र त्याच रात्री पंचक्रोशीत नाटक असेल तर कार्यक्रम दुपारीच आटोपावा. दुसरी वेळ म्हणजे जानेवारीचा मध्य. ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी जुन्या खेळाडूंची आठवण काढणे उचितही आहे. या दिवसांत सूर्य साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, म्हणून सामना साडेतीनला सुरू होईल असे नियोजन करावे.

मैदान शाळेचे असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे किंवा लागणार आहे का याचीही चौकशी आधी करावी.

निमंत्रण

छापील पत्रिका चावडीवर ठेवून किंवा मोबाइलवर पाठवून जुना खेळाडू येत नाही. अध्यक्ष आणि आजच्या संघाचा कर्णधार, अशा दोघांनी त्याच्या घरी जावे. पहिल्या भेटीत बहुतेक जण ‘आता कायले जी मले बोलावता?’ असे म्हणून टाळतात. त्या नकारामागे कधी प्रकृती असते, कधी नेसायला चांगले कपडे नसल्याचा संकोच, कधी मंडळाशी तीस वर्षांपूर्वी झालेला वाद, आणि कधी ज्या सोबत्यासोबत हा खेळला तो आता नाही एवढेच कारण असते. घाई न करता पुन्हा जावे. जुना वाद असेल तर मंडळाच्या आजच्या पदाधिकाऱ्यांनी त्याची बाजू ऐकून घ्यावी आणि त्या काळी मंडळाचे चुकले असल्यास तसे स्पष्ट बोलून दाखवावे. आजच्या लोकांनी ते केले नव्हते म्हणून ते बोलणे कमी महत्त्वाचे ठरत नाही. त्याला घरून आणण्याची व परत पोहोचवण्याची जबाबदारी एका ठरावीक तरुणाकडे सोपवावी आणि त्या तरुणाचे नाव त्याच्या घरच्यांना सांगून ठेवावे. सोबत घरातील एका माणसाला, शक्यतो पत्नीला किंवा नातवंडाला, आमंत्रण असावे. ज्या बाईने ओल्या मैदानातून आलेले कपडे वर्षानुवर्षे धुतले, तिलाही मंचाजवळ जागा मिळावी.

मानपत्राचा मजकूर

मानपत्रावर ‘आपल्या अतुलनीय कर्तृत्वाने क्रीडाक्षेत्राची मान उंचावली’ असे छापून आणले तर ते कोणालाही देता येते आणि म्हणूनच ते कोणाचेही नसते. चार-पाच वाक्ये पुरेत, परंतु ती त्या एकाच माणसाची असावीत. त्यांत संघात आल्याचे व निवृत्त झाल्याचे साल असावे, खेळण्याची जागा त्याच्याच शब्दात असावी, निदान एक सामना प्रतिस्पर्धी गावाच्या नावासह असावा, त्याच्या खेळातील एखादी ओळखीची लकब असावी, जसे की डाव्या पायाने दुरून मारलेला फटका, हवेतील चेंडू छातीवर झेलण्याची हातोटी, किंवा पेनल्टी घेण्यासाठी नेहमी त्यालाच पुढे केले जाणे, आणि मंडळाने त्याच्याकडून काय घेतले ते असावे. साल निश्चित नसेल तर ‘१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला’ असे लिहावे. गोलांची संख्या लेखी पुराव्याशिवाय लिहू नये. सोबत खेळलेली माणसे समोर बसलेली असतात आणि फुगवलेला आकडा ऐकून त्यांच्याआधी तो खेळाडूच खाली मान घालतो. मजकूर छापण्यापूर्वी त्याला किंवा घरच्यांना वाचून दाखवावा. व्यसन, कर्ज, घरातील भांडण यांविषयी आठवणीत जे आले असेल ते कितीही खरे असले तरी मंडळाच्या बाहेर जाऊ नये, आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याआधी संमती घ्यावी.

मानपत्र मोठ्या, ठळक अक्षरांत छापावे, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही ते वाचता येईल. भेटवस्तूंपैकी सर्वांत मोलाची ठरते ती त्याच्या काळातील सांघिक छायाचित्राची, खाली सर्वांची नावे असलेली, चौकटीत बसवलेली प्रत. चकचकीत ढाल फडताळात जाते. हे छायाचित्र दर्शनी भिंतीवर लागते आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले जाते.

मंचावर

मंचावर खेळाडू बसावेत आणि पुढारी पहिल्या रांगेत, प्रेक्षकांत. हे ऐकायला अवघड वाटते, पण निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगितले तर बहुतेक लोकप्रतिनिधी ते मान्य करतात. ज्यांना मान्य नसेल त्यांच्या सोयीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हस्ते शाळेच्या मुलांना चेंडू वाटप ठेवावे. प्रमुख पाहुणे म्हणून जुना पंच, परगावच्या प्रतिस्पर्धी संघाचा ज्येष्ठ खेळाडू किंवा शाळेतील निवृत्त क्रीडाशिक्षक यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. प्रतिस्पर्धी संघाचा माणूस जेव्हा म्हणतो की याला अडवण्यासाठी आम्ही दोन माणसे लावत असू, तेव्हा त्या वाक्याला जे वजन येते ते आपल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणाला येत नाही.

प्रत्येक मानपत्र पूर्ण वाचले जावे आणि ते आजच्या संघातील त्याच जागेवर खेळणाऱ्या मुलाने वाचावे. यासाठी मुलांकडून दोन दिवस आधी सराव करून घ्यावा, कारण नावे अडखळत वाचली जाणे फार लागते. एका मानपत्राला दोन मिनिटे धरली तर वीस खेळाडूंना चाळीस मिनिटे लागतात. एवढा वेळ लोक आनंदाने बसतात. भाषणे दोनच ठेवावीत. खेळाडूंपैकी ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांना बोलू द्यावे, मात्र कोणाच्याही हातात बळजबरीने माइक देऊ नये. वयोवृद्धांना पायऱ्या चढवण्याऐवजी मंच जमिनीपासून वीतभरच उंच करावा, अथवा सत्कार करणाऱ्याने खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी जावे.

जे हयात नाहीत त्यांचे मानपत्रही त्याच क्रमात, त्यांच्या पदार्पणाच्या सालाच्या जागीच वाचावे. त्यांना शेवटी ‘दिवंगत’ या एका गटात टाकू नये. मानपत्र त्यांच्या पत्नीच्या किंवा मुलीच्या हाती द्यावे, आणि औक्षण किंवा हळदी-कुंकू ठेवायचे असेल तर विधवा म्हणून कोणाला त्यातून वगळले जाणार नाही याची खात्री आधीच करावी. तशी खात्री देता येत नसेल तर तो भागच गाळून सर्वांना सारखेच फूल आणि शाल द्यावी.

मैत्रीचा सामना

सत्काराला जोडून सामना ठेवला की ज्येष्ठांचे चेहरे बदलतात, म्हणून तो ठेवावाच. पण काळजीने ठेवावा. पूर्ण मैदानाऐवजी साधारण ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागा पुरे. सात-सात खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, हवे तितके बदली खेळाडू आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा आत येण्याची मुभा असावी. घसरून अडवणे बंद ठेवावे. ‘म्हातारे विरुद्ध तरुण’ असा सामना लावू नये, कारण तरुण मुले जोरात धावतात आणि ज्येष्ठ मंडळी त्यांच्याशी बरोबरी करू पाहतात. दोन्ही बाजूंना ज्येष्ठ आणि प्रत्येकी दोन समजूतदार तरुण अशी वाटणी बरी. गोलीला मागे दिलेला चेंडू उचलण्याचा जुना नियम या एका सामन्यापुरता चालू ठेवावा, ज्येष्ठांना त्याचा फार आनंद होतो.

काळी माती हिवाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत पाय मुरगळतो. आठवडाभर आधी पाणी शिंपडून, भेगा मातीने भरून रोलर फिरवावा. कापसाची, तुरीची खुंटे आणि गोखरूचे काटे वेचून काढावेत. आखणीला कळीचा किंवा विरवलेला चुना वापरू नये, तो डोळ्यांत व खरचटलेल्या कातडीवर भाजतो. खडूची भुकटी वापरावी. कडक जमिनीवर स्टडचे बूट घालण्यापेक्षा साधे कॅनव्हासचे बूट सुरक्षित असतात.

खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह आणि गुडघे यांविषयी आधी एकांतात विचारावे. छातीत दुखण्याचा इतिहास असलेल्याने, डॉक्टरांनी लेखी होकार दिल्याशिवाय, मैदानात उतरू नये. अशा खेळाडूच्या हस्ते पहिला चेंडू मारून सामन्याची सुरुवात करावी, म्हणजे त्याचा मान राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तारीख कळवावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावापर्यंत यायला किती वेळ लागतो याचा अंदाज घ्यावा आणि तो वेळ जास्त असेल तर एक गाडी चालकासह मैदानालगत उभी ठेवावी. दोन तरुणांना छातीदाबाचे प्रशिक्षण आधीच मिळवून द्यावे: कोसळलेला माणूस प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे लागते.

पैसा

खर्चाचा अंदाज बैठकीत मांडून मंजूर करून घ्यावा, प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत हिशेब फलकावर लावावा. देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराच्या फलकावर जरूर लिहावीत. मानपत्रावर आणि छायाचित्राच्या चौकटीवर मात्र कोणत्याही दुकानाचे, पक्षाचे वा देणगीदाराचे नाव नसावे. जेवण साधे असावे आणि ज्येष्ठांना पंगतीत जमिनीवर बसवण्याऐवजी खुर्ची-टेबल द्यावे.

एखादा खेळाडू अडचणीत आहे हे भेटीगाठींत कळते. त्याला मंचावर पाकीट देऊ नये. मदत घरी जाऊन द्यावी, आणि त्याहून उपयोगी म्हणजे त्याची कागदपत्रे मंडळाने पुरी करून द्यावीत: ६५ वर्षांवरील निराधार असल्यास श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात, आणि वरच्या पातळीवर खेळलेला असल्यास जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत केंद्राच्या क्रीडापटू कल्याण निधीविषयी चौकशी. असे अर्ज भरण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे नोंदींच्या कामात आधीच स्कॅन झालेली असतात, हाही त्या कामाचा एक फायदा आहे.

कार्यक्रमानंतर

दुसऱ्या दिवशी मंडप उतरला तरी काम शिल्लक असते. आजारपणामुळे जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन, संघातील मुलांना सोबत नेऊन, मानपत्र तेथे पूर्ण वाचून द्यावे. कार्यक्रमाची छायाचित्रे कागदावर काढून प्रत्येकाला पोहोचवावीत. मोबाइलवर पाठवलेले चित्र सत्तरीच्या माणसापर्यंत पोहोचतेच असे नाही. सर्व मानपत्रांच्या प्रती, आठवणींचे लेखन, क्रमांकित छायाचित्रे आणि हरकतींसह अंतिम यादी एका जाड बांधणीच्या नोंदवहीत लावावी. तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक तालुक्याच्या वाचनालयात द्यावी, आणि ध्वनिमुद्रणे निदान दोन वेगळ्या ठिकाणी जपावीत. नोंदवहीची शेवटची काही पाने कोरी ठेवून प्रत्येक वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर ‘राहिलेली नावे’ असा एक विषय घ्यावा. सत्काराची बातमी ऐकून दोन-तीन वर्षांनीही कोणी तरी जुने प्रमाणपत्र घेऊन मंडळाच्या दाराशी येतो, आणि त्याचे नाव त्याच दिवशी, त्याच्या समोर बसून, वहीत लिहिले जावे.